आईने भरलेली बाटली

मुकुटबन,
१९ जानेवारी २००७

प्रिय मंजुषाताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे, असे लिहायचे म्हणून लिहिते. तुमच्या घरी राहून कॉलेज केले, तेव्हा माझे खोटे तुम्ही पहिल्याच वाक्यात पकडत होतात.

कापूस अजून घरातच आहे. भाव वाढेल म्हणून सासरे थांबलेत. आमच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग, उरलेल्या जागेत आमचा संसार. बाया हसतात, "कापसावर लोळते, राणी हाय!" राणीला आडवे होता येत नाही, ताई. भिंतीला टेकून बसते. छातीत शिट्टी वाजते.

दवाखान्यात न्या म्हटले, तर सासूबाई तुम्ही डॉक्टर म्हणून दिलेला माझा जुना रिपोर्ट काढतात. "डाक्टरनं लिवून देल्लं काई नाई म्हणून. मंग कायले नाटक करून राह्यली?" हेही तेच म्हणतात, फक्त हळू आवाजात.

दम्याच्या माणसाच्या श्वासनळीला सूज असली की तिच्या खुणा लघवीत उतरतात, म्हणून तुम्ही आम्हा दम्याच्या पेशंटांची लघवी तपासत होतात. माझ्यात काहीच निघाले नाही. तुम्हाला नवल वाटले, पण रोजचा पंप थांबवून पाहू म्हणालात.

ती लघवी आईची होती.

सकाळची पहिली लागते म्हणून मी बाटली गावी नेली होती. नेमकी तेव्हाच ही सोयरीक आलेली. आई म्हणाली, "कागदावर दमा चढला तं पाव्हणे उंबरठा नाई चढत," आणि बाटली घेऊन न्हाणीत गेली. मी दारात उभी राहिले. तुमचा कागद तिने बैठकीत सगळ्यांसमोर वाचून घेतला. सासऱ्यांनी तिथेच सुपारी फोडली.

परवा मी सासूबाईंना खरे सांगितले. म्हणाल्या, "कोनती माय असं करन? माहेरी जाचे बहाने हायेत." आता खरे बोलूनही मीच खोटी.

म्हणून तुम्हीच या. पंप आणा आणि यांच्यासमोर सांगा. सोयरीक मोडली तर मोडू द्या, मला श्वास हवा आहे. काल माझे ओठ निळे पडले होते, असे शेजारची गंगी म्हणाली. तीच उद्या एसटीने यवतमाळला येते आहे, पत्र तिच्याच हाती देते. तिच्याबरोबरच निघा.

येताना आईला मात्र आणू नका. तिचा निरोप आला आहे, "पोरगी सुखात पडली, आता मी डोये मिटाले मोकळी."

वाट पाहणारी,
तुमची निकिता