सहज गावलेले नाकतोडे

११ फेब्रुवारी
वही आणून तीन आठवडे झाले. आज लिहीन, उद्या लिहीन. पहिल्या पानावर आत्याने वाणसामान उतरवलं तरी मी नाय लिहिलं.
आता लिहायलाच हवं. राणीच्या पोटात अंडी दिसतायत. उजेडासमोर धरली तर दोन लांबट पांढरे गोळे, सरळ कातडीतून. मुंबईला हॉटेलात होतो तेव्हा रूमवरच्या पोराने गावी जाताना ही परदेशी पालींची जोडी दिली, कागदपत्रांसकट. पिवळ्या अंगावर काळे ठिपके. राणी आणि बाजी.
आत्या : "लोक पालीला झाडूने मारतात. आमचा दिवटा बाळंतपण काढतोय."

१३ फेब्रु.
घर तयार. बंदरावरचा थर्माकोलचा माशांचा खोका, तीनदा धुतला. बांगड्याचा वास काय जात नाय. एका टोकाला दगडी चिरा, दिवसा उन्हात तापवून ठेवायचा. संध्याकाळी वर चाळीसचा बल्ब. दुसरं टोक गार. करवंटीला दार पाडून आत ओला काथ्या, अंडी तिथे घालेल. कोंबडीच्या अंड्यांची टरफलं पाट्यावर वाटली, किडे त्या पुडीत घोळवून द्यायचे. बाजी वेगळ्या खोक्यात, तो तिला छळतो.
ITI सोडलं, ट्रॉलर सोडली, हॉटेल सोडलं. हे एक तरी पुरं करायचं.

१५ फेब्रु.
आजपासून मालकाच्या आंब्याच्या कलमांवर फवारणी. मी पाइप धरतो, बागेतला जुना गडी सुरेशदादा औषध कालवतो. वीस वर्षं हेच करतोय. काठी नाय दिसली की हाताने ढवळतो. म्हटलं, दादा, हातमोजे. "हातमोजे घालून भाकरी खातोस काय रे तू?"
यंदा मालकाने कॅन आणलाय त्याला लेबलच नाय. वास गोडसर. दुपारी बघितलं, अख्ख्या मोहोरावर एक माशी नाय.

२२ फेब्रु.
देवरूखला मित्राकडे दोन दिवस म्हणून गेलो, पाच राहिलो. आधी त्याचा डीजे, मग नदी, मग कुणाची तरी जुनी बाइक बघायला. परत आलो तर खाद्यासाठी पाळलेल्या रातकिड्यांची बादली मुंग्यांनी साफ केलेली. कोंडा तेवढा शिल्लक. आत्या पाणी ठेवायची, पण किडे द्यायला हात धजेना. राणी उपाशी, ती पण पोटुशी.
माझीच चूक.

२३ फेब्रु.
सु.दा.ला, म्हणजे सुरेशदादाला, बोललो. दुपारी त्याने शर्टाच्या खिशातून सात-आठ नाकतोडे काढले, हिरवेगार. "घे, सूनबायला डोहाळे. कलमाखाली नुसते बसलेले, उडत पण नव्हते. सहज गावले."
राणीने सगळे खाल्ले. बाजीला घरातलं झुरळ दिलं.

२४ फेब्रु.
राणीची शेपटी थरथरतेय. तोंडाला लाळ. पालीला लाळ सुटलेली मी कधी बघितली नव्हती. पाय टाकते तो भलतीकडेच पडतो.
आत्या म्हणाली, दृष्ट लागली. मी हसलो. तिने खरंच मीठमोहरी ओवाळली, तोंड दुसरीकडे फिरवून.

२५ फेब्रु., सकाळ
दोन अंडी. काथ्यात पुरली पण नायत, वरच टाकलीत. वरच्या अंगाला पेन्सिलने खूण केली. कोंबडीच्यासारखी ही उलटायची नसतात, आतलं पिल्लू मरतं. श्रीखंडाच्या डब्यात ओली वाळू, डबा फ्रीजमागे उबेला.
दहाला करवंटी उचलली. राणी गेली.

२६ फेब्रु.
बाजी ठणठणीत. त्याने झुरळ खाल्लं.
उडत नव्हते. नाकतोडा उडत नाय म्हणजे काय? आणि मी टरफलाच्या पुडीत घोळवून, कौतुकाने एकेक…
सु.दा.ला सांगायला हवं. पण कसं? तुझ्या डोहाळ्यांनी मेली असं?

२७ फेब्रु.
सु.दा.ने विचारलं, "सूनबाय मोकळी झाली?"
म्हटलं, झाली. दोन.
"मग पेढे खंय?"
राणी मेली ते सांगितलंच नाय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. हसला तेव्हा ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, टॉवेलने पुसली. जेवणाचा डबा उघडताना बोटं झाकणावरून दोनदा घसरली. थरथर तीच. तीच.
"ऊन लागलंय रे जरा."
फेब्रुवारीत?

१ मार्च
कामावर गेलो नाय. पोट दुखतंय म्हणून कळवलं. सु.दा.ला फोन करायला बसलो, तेवढ्यात शेजारच्यांच्या विहिरीत कासव दिसलं म्हणून आरडाओरडा. काढता काढता दुपार गेली. मग केलाच नाय. उद्या.

३ मार्च
एक अंडं पिवळं पडून खचलं. दुसरं टणक. टॉर्च लावला तर आत लाल शिरा, केसासारख्या. जिवंत आहे. त्या पोटातून येऊनसुद्धा.
संध्याकाळी मालकाचा फोन. सु.दा. बागेत पडला, मोठ्या दवाखान्यात ठेवलाय, उन्हाने झालं, उद्यापासून औषध तू कालव. विचारलं, कॅन कुठाय? म्हणाला, "कसला कॅन?"

४ मार्च
खोक्यातला कागद बदलत होतो. अंगणात सुमनवहिनी आलीय. सु.दा.ची बायको. ही बाई माझ्या सावलीला उभी राहत नाय, मी दिसलो की पदर नाकाला, "पालवाला आला". आज आमच्या गावात, मिरजोळ्यापर्यंत एकटी आलीय. आत्या आत बोलावतेय, ती पायरीवरून हलत नाय. पडवीत सगळं ऐकू येतंय.
"डॉक्टर विचारतायत, फवारलंत काय. मालक म्हणतो, साधं औषध. ह्यांच्या तोंडातून धड शब्द फुटत नाय. एवढंच बोलले, त्या पोराला विचार, माझे नाकतोडे खाऊन सूनबायला काय झालं. त्याने मला सांगितलं नाय, पण त्याला माहीत आहे."
आत्याने दोनदा हाक मारली.
मी अजून लिहितोय.