थोरलीचा रिव्हर्स, धाकटीचा पोचा

अहो,

'प्रिय' असं लिहायचं होतं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. चोवीस वर्षं तुम्हाला 'अहो'शिवाय हाक मारली नाही, आता कुठं नवीन सवय लावून घेऊ?

लिहायला बसले, कारण काल दुपारी धाकटीला बघायला माणूस आला होता. परक्या कुणी हे वाचलं तर त्याला वाटेल, पोरीला बघायला आले. पण गाड्यांना नावं तुम्हीच ठेवली होती ना? एकाच कंपनीची, एकाच नावाची गाडी आपण तीनदा घेतली. पहिली ती थोरली, दुसरी मधली आणि आत्ता दारात उभी आहे ती धाकटी. आता आपला नितीन म्हणतो, चौथं मॉडेल आलंय, धाकटी एक्स्चेंजला देऊ. चाकणच्या कंपनीत लागल्यापासून त्याला घरातलं सगळंच जुनं दिसतंय. मीसुद्धा दिसत असेन.

तर तो माणूस गाडीभोवती फिरला, पत्र्यावर टकटक करून बघितलं आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबला. "हा पोचा कसला?" नितीन म्हणाला, "दादांनी ठोकली असंल कुठंतरी. शेवटी शेवटी त्यांचं ध्यान नसायचं गाडीवर." मी चहाचे कप हातात घेऊन तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही.

आयुष्यात तुम्ही गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत लोक तुमच्याबद्दल सांगायचे, भाऊंच्या हातातली गाडी म्हणजे देवीची परडी. आणि मी तुमच्या नावावर पोचा लागू दिला. रात्रभर तेच डोक्यात. आता दमले आहे. हे मनातून काढल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

थोरली आली तेव्हा नितीन चौथीत होता. आठवतं का तुम्हाला, पुढं एकच लांब सीट होती? ड्रायव्हरला तुम्ही, खिडकीला सासूबाई, कारण त्यांना गाडी लागायची, आणि मधे मी, मांडीवर नितीन. मागं समोरासमोरच्या बाकड्यांवर सगळा मळा. स्प्रिंगचे पाटे इतके कडक की नारायणगावपर्यंत जाईस्तोवर पोटातलं पाणी हलायचं. सकाळी चावी अर्धी फिरवून हीटरचा नारंगी दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग गाडी सुरू. तेवढ्या वेळात तुम्ही डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडायचात.

गियरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागून होता. "गुडघा सरकव," तुम्ही म्हणायचात. पहिल्यासाठी सरकव, तिसऱ्यासाठी सरकव. रिव्हर्सला तर दांडा खाली दाबून पार माझ्याकडं घ्यायचात आणि पुढं ढकलायचात. इंजिनाचा आवाज बदलला की तुम्ही सांगायच्या आत माझा गुडघा हलायला लागला. चार गियर आणि पाचवा रिव्हर्स, सगळं माझ्या गुडघ्याला पाठ. हे तुमच्या कधी ध्यानात आलं होतं का?

कांदा निघाला की मोकळ्या वावरात खुणेला उसाची टिपरी रोवून तुम्ही लोकांना गाडी शिकवायचात. धाकटे भावजी शिकले, त्यांचे मेहुणे शिकले, बुद्धविहाराशेजारचा प्रकाश शिकला आणि आज त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. कुणाला नाही म्हणाला नाहीत. मी बांधावर चहा घेऊन यायची आणि बघत बसायची. एकदा म्हटलं, मलाही शिकवा की. तुम्ही हसलात. "स्टेरिंग लई जड हाय गं. तुझ्या मनगटाचं काम न्हाई."

तीन म्हशींच्या धारा रोज दोन वेळा काढणारं मनगट! पण मी गप्प बसले. गप्प बसायची मला तेव्हापासूनच सवय.

त्याच साली माझी आई अवसरीला पडली, पाय मोडला. तुम्ही कांद्याच्या गडबडीत होता. मी तिसऱ्या दिवशी पोचले. आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "गाडी हाय ना गं तुमच्यात?" मी काय सांगणार होते तिला? गाडी आहे, पण ती तुमच्यात आहे, माझ्यात नाही.

मग मधली आली. पॉवर स्टिअरिंग! तुम्ही अख्ख्या मळ्याला ओट्यावर जमवून एका बोटानं चाक फिरवून दाखवलंत. सगळे वा वा करत होते आणि मी मनात म्हणत होते, आता झाली की सोय, आता कुठलं मनगट आड येणार? रात्रीचं जेवण वाढताना आठवण करून दिली. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "स्टेरिंग हलकं हाय, पण गाडी पळती लई. जरा जुनी व्हऊ दे."

गाडी जुनी व्हायची वाट बघणारी अख्ख्या जुन्नर तालुक्यात मी एकटीच असेन.

मधलीत पुढची लांब सीट गेली होती. दोन वेगवेगळ्या खुर्च्या, मधे गियर. पुढं सासूबाई आणि मी मागच्या रांगेत. गुडघा सरकवायला आता कुणी सांगेना. दोन्ही खुर्च्यांच्या मधल्या फटीतून तुमचा हात गियरवर जाताना दिसायचा तेवढाच.

धाकटी आली तेव्हा सासूबाई नव्हत्या. वाटलं, आता पुढची जागा माझी. पण धाकटीचा थाटच निराळा. एसी, बटणाच्या काचा, मागची बाकडी जाऊन तिसरी रांगही पुढं तोंड केलेली. एवढी चांगली गाडी म्हटल्यावर माणसंही मोठी बसायला लागली. पुढं पाव्हणे, मधे नणंदा आणि सगळ्यात मागं मी, पिशव्यांना धरून. तिथं एसी पोचायचा नाही आणि काचही उघडायची नाही. दर मॉडेलला गाडी सुधारत गेली आणि मी एकेक रांग मागं सरकत गेले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे, तक्रारच आहे. तुमच्याशी आता खोटं कशाला बोलू?

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "आता काय, नितीन हाय, प्रकाश हाय. तुला कुठं जायाचंय एकटीला?" तुम्ही रागानं बोलला नाहीत. मायेनंच बोललात. म्हणून तर ते जास्त लागलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग गेल्या श्रावणातला सोमवार आला. मळ्यातली सगळी माणसं भाड्याची जीप करून भीमाशंकरला गेलेली. तुम्ही सकाळपासून छाती चोळत होता, म्हणून मागं राहिलात. "उपासाची खिचडी बाधली गं, शेंगदाणा जास्त झाला." मीही तेच धरून बसले. ओवा दिला, सोडा दिला, ताक दिलं. तासभर आपण दोघं खिचडीला दोष देत बसलो. मग तुमच्या कपाळावर घाम आला आणि डावा हात जड पडला. तेव्हा कळलं की हे खिचडीचं नाही.

प्रकाशला फोन लावला. तो ओतूरला माल उतरवत होता. "निघालोच वहिनी," म्हणाला. ओतूर म्हणजे अर्धा तास तरी. तुम्ही भिंतीला धरून उठलात, स्वतः चालत गाडीपाशी गेलात आणि पुढं डाव्या बाजूला बसलात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही तिकडं बसला. मी घड्याळाखालच्या खिळ्यावरची चावी घेतली आणि तुमच्या जागेवर बसले.

चावी अर्धी फिरवली, दिवा विझू दिला. गाडी सुरू झाली. आदल्या दिवशी पेंडीची पोती उतरवायला तुम्ही मागचं दार गोठ्याच्या बाजूला केलं होतं, म्हणून तोंड ओट्याकडं. आधी रिव्हर्स घेऊन वळवायला हवी होती. मला रिव्हर्स कुठं असतो ते ठाऊक होतं. दाबून डावीकडं आणि पुढं. मी दांडा जोरात तिकडंच ढकलला. गियर खरखरला, गाडीनं उडी मारली आणि ओट्याच्या पायरीवर धडकून बंद पडली.

रिव्हर्स थोरलीला तिथं होता. धाकटीला तिथं पहिला गियर आहे. रिव्हर्स पार पलीकडं गेला होता, चालवणाऱ्याच्या मांडीकडं, मागं. मॉडेल दोनदा बदललं आणि मला कुणी सांगितलं नाही. मी मागच्या रांगेत होते.

तुम्ही चिडला नाहीत. माझ्या हातावर हात ठेवलात. गार पडला होता तो. "इकडं, इकडं घे," म्हणालात आणि दांडा ओढायला बघितलंत. जोर नव्हता. मग माझ्या पायांकडं बघून म्हणालात, "क्लच दाब आधी. डाव्या पायाचा… डाव्या…"

पुढं बोलला नाहीत.

तेवढंच शिकवलंत मला. चोवीस वर्षांत एकच धडा, तोही अर्धा.

प्रकाश आला, त्यानं टेम्पो तसाच सोडला, धाकटी मागं घेतली आणि पळवली. मी मागून तुमचे दोन्ही खांदे धरून बसले होते. नारायणगाव यायच्या आधीच तुमची मान कलंडली. दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, कधीपासून दुखत होतं? मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पण तो प्रश्न वर्षभर रोज भांडी घासताना ऐकू येतो. मला गाडी येत असती तर? सांगा ना, तुम्हीच सांगा. तुम्ही वाचला असतात का, हे मला ठाऊक नाही. पण ओट्याच्या पायरीशी तो अर्धा तास वाया गेला नसता, एवढं ठाऊक आहे.

खूप राग येतो तुमचा. मग जेवायला बसले की तुमच्या पाटाकडं बघते आणि राग जातो. पुन्हा येतो. असं वर्ष काढलं. माझ्यात आता भांडायचंही त्राण नाही. काल त्या माणसासमोर मी गप्प राहिले, ती थोडी दमून आणि थोडी, खरं सांगते, सूड म्हणून. घ्या, म्हटलं, तुमच्याही नावावर काहीतरी लागू दे. दहा मिनिटांत लाज वाटली.

आज सकाळी प्रकाशला बोलावलं. म्हटलं, मला शिकव. त्यानं का, कशाला, काही विचारलं नाही. टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "त्या दिवशी गाडी मीच मागं घेतली व्हती वहिनी. पोचा तवाच दिसला. कुणाला बोललो न्हाई." वर्षभर पोटात ठेवलं त्यानं. तुमचाच शिष्य.

कांद्याचं वावर अजून मोकळं आहे. प्रकाशनं टिपरी रोवली, तुमच्यासारखीच. बायका बांधावर जमल्या, हसल्या. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले, पदर खोचला. प्रकाश शेजारून सांगायला लागला, "आता वहिनी, आधी क्लच…"

"डाव्या पायाचा. माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भाऊंनी."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी क्लच दाबला. हात आधी सवयीनं डावीकडं, जुन्या जागी गेला. थांबले. मग दांडा पलीकडं नेला, तुम्ही ओढत होता तिकडं, आणि मागं घेतला. हळूच पाय सोडला. गाडी मागं गेली. अहो, मागं गेली. मी स्टेरिंगवर डोकं ठेवून रडले आणि गाडी बंद पडली. प्रकाश म्हणाला, "पहिल्या दिवशी समद्यांची पडती."

उद्या रविवार, नितीन गाडीच्या कागदांवर माझी सही घ्यायला येईल. त्याला सगळं सांगणार आहे. पोचा माझा आहे, तुझ्या दादांनी कधी कुठं गाडी ठोकली नाही. चौथं मॉडेल तुला हवं तर तुझ्या पगारातून घे. धाकटी जाणार नाही, ती माझ्या नावावर होईल. पोचा काढायचा नाही, हेही सांगणार आहे.

आणि तुम्हाला एक वचन देते. भीमाशंकरचा घाट मला कधी झेपेल का, ठाऊक नाही. अवसरीपर्यंत तरी जाईन, आईच्या ओट्यापुढं गाडी उभी करीन. मार्गशीर्षात नितीनचं लग्न आहे. सून घरात आली की पहिल्याच आठवड्यात तिला मोकळ्या वावरात घेऊन जाईन. स्टेरिंग जड असो, हलकं असो, गाडी नवी असो की जुनी. पुढं बसवीन आणि तुमचा राहिलेला अर्धा धडा तिला पुरा शिकवीन.

गुडघा सरकवून बसलेली तुमची,
मंगल