एकेक तपासून भरलेली पेटी

४ जून

ति. दादास,

सा. न. वि. वि.

तुझी पेटी परवा सकाळी पोचली. हमालाने ती दवाखान्याच्या पायरीवर आदळली, तेव्हा आतून असा काही आवाज आला की मी हातातलं काम टाकून धावले. तीनशे बारा चष्मे! एवढे गोळा करायला तू किती जिने चढला असशील आणि तुझ्या गुडघ्यांचं काय झालं असेल, ते मला इथे बसून कळतं. तेव्हा आधी मनापासून शाबासकी घे, कारण पुढे मी रडगाणं गाणार आहे. इथे फोन लागत नाही ते एका परीने बरंच. फोनवर तू मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं आहेस?

दादा, तीनशे बारांतले कामाचे निघाले एकवीस. डॉक्टरीणबाई आणि मी दोन दिवस एकेक चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरत बसलो होतो आणि बाहेर माणसं ताटकळत होती. चष्मा म्हणजे काही चप्पल नव्हे, थोडी सैल तर थोडी सैल. ती काच एकाच माणसाच्या डोळ्यांसाठी घासलेली असते. उजवी एक, डावी भलतीच, वर तिरक्या नंबराची भानगड. तो माणूस जगातून गेला तरी काच त्याचीच राहते.

इथे रांगेत बसलेल्या दहांपैकी सातांना लागते ती साधी चाळिशी, जवळचं दिसायची. एक बाई येतात, गणवेश शिवायच्या कारखान्यात काजं करतात. एकोणीस वर्षं एकाच मशिनवर. आता सुईचं नाक दिसत नाही, बोटं भोसकून घेतात, शर्टावर रक्ताचा ठिपका पडला की तो शर्ट बाद. मुकादमाने जुलैअखेरची मुदत दिली आहे. तोवर हात सुधारला नाही तर मशीन दुसरीला. त्यांना हवा अडीच नंबर, दोन्ही डोळ्यांना सारखा. आहे का अवघड? पण तुझ्या पेटीत एक सापडला तो उजवीकडे अडीच, डावीकडे साडेचार! संस्थेच्या कचेरीत नवे मागायला गेले तर साहेब म्हणतात, तुमच्या भावाच्या पेट्या येतात की, आधी त्या संपवा. आता बोल.

तेव्हा हात जोडून सांगते. जुने चष्मे बंद कर. फक्त नवे, फक्त जवळचे, दोन आणि अडीच नंबरचे. एक लहान खोकं पुरे. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेले असतात. इथे असं दुकान दीड दिवसाच्या वाटेवर आहे आणि तिथेही हे मिळत नाहीत.

गंमत ऐक. पेटीत एका तपकिरी चष्म्याच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेली निघाली, अगदी तू गुंडाळतोस तशी. तुझ्याइतका चिक्कू माणूस तुमच्या कॉलनीत आणखी एक आहे म्हणायचा! आणि हो, तुझं अक्षर हल्ली एवढं मोठं का? एका पानावर जेमतेम आठ ओळी. कागद फुकट मिळायला लागला वाटतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे, चष्मे मात्र कमी कर.

तुझी,
धाकटी

२१ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि घर कसं भरून गेलं. सूनबाईने ते दिवाणखान्यात सगळ्यांसमोर वाचलं. हल्ली मी तिच्याकडूनच वाचून घेतो. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि तिचा आवाज गोड आहे. मनापासून शाबासकी घे, हे वाक्य आलं तेव्हा कॉलनीच्या चेअरमनसाहेबांनी टाळी वाजवली. मी ते पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो, वाण्यालासुद्धा दाखवलं. पण पत्र फार त्रोटक लिहितेस बुवा. एवढ्या लांबून चार ओळी पाठवायच्या, हे काही बरं नाही.

आता कान देऊन ऐक. दुसरी पेटी निघाली आहे. सहाशे चाळीस! आसपासच्या तीन कॉलन्या जोडून घेतल्या. या खेपेला मी मालाची नीट देखभाल केली आहे. सगळे चष्मे गरम पाण्यात सोडा घालून भिजवले, भांड्यांच्या घासणीने चोळून स्वच्छ केले आणि उन्हात वाळवले. चष्म्यांच्या घरांत लोकांनी कसली कसली कागदाची चिटोरी कोंबलेली होती, ती काढून फेकली. मग प्रत्येक चष्मा हातात घेऊन, एकेक तपासून भरला. एकालाही ओरखडा नाही. बत्तीस वर्षं गोदामात माल ताब्यात घेतला, माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलेलं नाही हे तुला ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी खिडकीत बसून होतो. आता सकाळी उठल्यावर काहीतरी करायचं असतं. हे तुझ्यामुळे झालं. तिसऱ्या पेटीची तयारी सुरू आहे.

प्रकृतीला जप. लोभ वाढता असावा आणि पत्रही.

तुझा,
दादा

१५ जुलै

ति. दादास,

सा. न. आज वि. वि. करायच्या मनःस्थितीत मी नाही.

पेटी आली. उघडली आणि पहिलाच चष्मा उजेडात धरला. अरे, तू काय तपासलंस? घासणीने काचा अशा खरवडल्या आहेत की सगळीकडे धुकं. सोड्याने वरचा थर सोलून निघाला आहे. अकरा तर नुसते उन्हाचे काळे चष्मे आहेत. सात खेळण्यातले आहेत, दादा, लाल प्लास्टिकचे, काचेच्या जागीही नुसतं प्लास्टिक! आणि जी चिटोरी तू फेकलीस ती नंबरांची होती. तेवढी एकच गोष्ट आमचे चार दिवस वाचवणारी होती, आणि नेमकी तीच तू केरात टाकलीस.

वर लिहितोस, एकेक तपासून भरला, एकालाही ओरखडा नाही. तू आयुष्यात खोटं बोलला नाहीस असं मी सगळ्यांना सांगत आले. आता डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहतात आणि मला मान वर करवत नाही. टाळ्या मिळाल्या की माल तपासायची गरज संपते का?

काजं करणाऱ्या त्या बाईंबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. मी त्यांना दुसरं काही नाही म्हणून साडेतीनचा एक चष्मा दिला. नाक कापडाला लावून शिवतात, दुपारी डोकं धरून बसतात. काल चाळीस शर्टांची काजं दोन-दोन दोरे बाजूला गेली. मुकादमाने ती सगळी त्यांच्याकडून उसवून घेतली. रोज कामावर जाताना दारात उभ्या राहून विचारतात, भावाचं खोकं आलं का. मी काय सांगू? आलं, सहाशे चाळीस आले, पण तुमच्यासाठी एकही नाही?

मी तुझ्याकडे एकच लहान खोकं मागितलं होतं. तुला माझं पत्र वाचता येत नाही का?

लोभाचं नंतर बघू.

धाकटी

२४ जुलै

ती. आत्यांस,

सुनेचा शि. सा. न.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. तुमचं रागाचं पत्र आज आलं. मी ते त्यांना वाचून दाखवलं नाही. म्हणजे वाचलं, पण पेटी पोचली, सगळे आभारी आहेत, एवढंच. जूनचं पत्रही मी असंच वाचलं होतं. शाबासकीपर्यंत वाचलं, पुढचं रडगाणं दिसलं आणि मी थेट प्रकृतीच्या चौकशीवर उडी मारली, जी तुम्ही लिहिलीच नव्हती. दोन वर्षांनी पहिल्यांदा बाबा आरशासमोर उभे राहून भांग पाडत होते. त्यांचे सगळे कष्ट वाया गेले, हे माझ्या तोंडून निघेना. वाटलं, हळूहळू सांगू. आत्या, चूक माझी आहे, त्यांची नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाबांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असावा. आम्हांला ते कबूल करत नाहीत. चहा कपाबाहेर ओततात आणि कप वाकडा आहे म्हणतात. पत्र लिहिताना रेघेवर पट्टी ठेवतात. चष्मे त्यांनी खरंच एकेक तपासले, मी पाहिलंय, दुपारभर ओसरीत बसून, बोटांनी चाचपून. ओरखडा बोटाला लागत नाही ना, आत्या.

तो तार गुंडाळलेला तपकिरी चष्मा त्यांचाच होता. लावून काही फरक पडत नाही, म्हणाले, कुणाला तरी उपयोगी पडेल. डॉक्टरांचं नाव काढलं की उठून जातात. आजीच्या डोळ्याचं काहीतरी झालं होतं, एवढंच म्हणतात.

तुम्ही सांगितले तसे नवे चष्मे आजच कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतले. जेवढे होते तेवढे, दोन आणि अडीच नंबरचे, आणि पार्सल टाकून आले. महिनाअखेरपर्यंत पोचणार नाही हे मला कळतंय. रागावा, पण तोडू नका.

तुमची,
सून

२ ऑगस्ट

ति. दादास,

सा. न. वि. वि.

हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवेल. एक शब्द गाळायचा नाही, अशी मी तिला माझी शपथ घातली आहे. तिला रागावू नकोस. तिचं चुकलं, पण मायेपोटी चुकलं. माझं चुकलं त्याला तेवढंही कारण नाही.

मी रोज दोनशे डोळे बघते. लांबून चालत येणाऱ्या माणसाच्या पावलावरून मला कळतं, मोतीबिंदू आहे. आणि तुझं आठ ओळींचं पत्र हातात धरून मी कागदाची चेष्टा केली. तुझा स्वतःचा चष्मा मी यंत्राखाली ठेवला, नंबर मोजला, निरुपयोगी म्हणून टोपलीत टाकला! माझ्यासारखी आंधळी मीच. त्यावर तुला खोटारडा म्हटलं. हे सगळं आठवलं की स्वतःलाच दोन लगावाव्याशा वाटतात.

पण तुलाही सोडत नाही मी. आईचा डोळा ऑपरेशनने गेला, ते मला आठवत नाही असं वाटलं तुला? तू एकोणीसचा होतास, मी अकराची. तिला हात धरून घरी आणलंस तू. म्हणून तू डॉक्टरच्या दारात पाऊल टाकत नाहीस, आणि म्हणूनच मी या कामात आले. तिला उशिरा नेलं होतं आपण, दादा, मोतीबिंदू आत फुटेपर्यंत थांबून. तेव्हा ऑपरेशनने नव्हे, उशिराने डोळा गेला. आता तू तेच करतो आहेस. लोकांचे साडेनऊशे चष्मे उचलून जिने चढलास, स्वतःच्या डोळ्यांसाठी एक जिना चढवत नाही?

परवा, एकतीस तारखेला, काजंवाल्या बाईंचं मशीन काढून घेतलं. मी कारखान्यात जाऊन मुकादमाला दहा दिवस मागितले. तो म्हणाला, चष्मा येणार असं मी दोन महिने ऐकतोय.

तुझं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या हातचं पत्र येईपर्यंत मी तुझी तिसरी पेटी फोडणार नाही. लोभ आहे, म्हणून तर एवढा संताप.

तुझी,
धाकटी

१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

अक्षर बघ आणि ओळी मोज. एका पानावर चोवीस आहेत.

उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात. पट्टी सोडली तेव्हा पहिली दिसली ती भिंतीवरची पाल, आणि मग सूनबाई. ती रडत होती. केस पिकायला लागलेत तिचे, मला माहीतच नव्हतं. भीती वाटली का म्हणून विचारशील, तर वाटली, खूप वाटली. आईचं नाव घेऊन टेबलावर आडवा झालो. दहा मिनिटांचं काम होतं, धाकटे. दहा मिनिटांसाठी मी तीन वर्षं काढली.

लांबचं सगळं लख्ख दिसतं. वाचायला मात्र डॉक्टरांनी जवळचा चष्मा दिला आहे. साधा, दुकानात टांगलेला असतो तो. नंबर अडीच.

तो लावून काल तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. सूनबाई म्हणाली, राहू द्या बाबा, पण मी ऐकलं नाही. केवढी लांब पत्रं लिहितेस तू! आणि मी तुला त्रोटक म्हणालो. खोटारडा म्हणालीस तेही वाचलं. माल न बघता सही करणाऱ्याला गोदामात आम्हीही तेच म्हणायचो. तिसरी पेटी निघालीच नाही, तिची काळजी नको. चष्मे ज्यांचे त्यांना परत दिले आणि प्रत्येक दारात खरं कारण सांगितलं. काही जणांनी दार लावून घेतलं. आता तुझ्या कचेरीतल्या साहेबांना सांग, भावाच्या पेट्या संपल्या.

तुझं वीस ऑगस्टचं पत्रही वाचलं. पार्सल पोचलं, त्या बाईंनी अडीचचा लावला आणि सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला. आणि त्यांच्या मशिनवर दुसरी बसलेली असल्यामुळे त्या आता तिथेच उभ्याने शर्टांच्या घड्या घालतात. हे मी तीनदा वाचलं.

मग चार जूनचं पत्र पुन्हा काढलं. फक्त नवे, फक्त जवळचे, दोन आणि अडीच. त्याखाली तू दोन रेघा ओढल्या आहेस. पेन इतकं दाबलं आहेस की कागदाच्या मागच्या बाजूला त्या उमटल्या आहेत. हे पत्र दोन दिवस माझ्या खिशात होतं. मी ते वाण्याला दाखवलं, हातात धरून मिरवलं, माझी बोटं त्या रेघांवरून कितीदा फिरली असतील. मला वाटलं, कागदाला घडी पडली आहे.

त्या बाईंना एवढं सांग की मुदतीत माल न पोचण्याचा दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता, गोदामवाल्याच्या डोळ्यांचा होता. त्याच्या सहीवर त्यांनी खुशाल बोट ठेवावं.

लोभ असू दे म्हणायला आज जीभ रेटत नाही, पण असू दे.

तुझा,
दादा