गोरोकाच्या कॉफीतला धूर

मेलबर्न

आई,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

काल कारखान्यात गोरोकाहून आपल्या मळ्यातलं यंदाचं कॉफीचं पोतं आलं. काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी मी बिया हलक्या भाजल्या. मालकीण डेस्पिनानं पहिलाच घोट थुंकला. "धूर लागलाय गं! दुधात खपला असता, काळ्या कॉफीत लपायचा नाही. चुलीवर वाळवल्या की काय?"

पावसाळ्यात बाबाच मळ्यातल्या झोपडीत चुलीवरच्या माळ्यावर बिया वाळवायचे, तू कितीही ओरडलीस तरी. तोच वास होता. मी कप संपवला.

बाबा गेल्यापासून, दोन वर्षं, ती झोपडी बंदच आहे ना? मग आई, तिथे चूल कोण पेटवतंय?

लगेच कळव.

तुझीच,
सेपे