माकणीचा गडी पहिल्या पाचांत बसेल का

मुरूम, चैत्र वद्य पंचमी, शके १८६८

राजमान्य राजश्री वीरभद्रप्पा यांना चन्नबसप्पाचे अनेक शरणार्थ.

तुमचं पत्र शिवरात्रीच्या सुमारास आलं आणि उत्तर चैत्र वद्यात लिहितो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो. उशीर आळसानं झालेला नाही. तुम्ही तुमच्या लेकीबद्दल, प्रेमाबद्दल, जे विचारलं होतंत त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना लिहिलं की दाजी टाळतात असं तुम्हाला वाटलं असतं. आता उत्तर आहे. पण ते इतक्या वाकड्या वाटेनं आलं आहे की आधी दुसरंच सगळं सांगावं लागेल. शांताक्कांचा दमा कसा आहे? सोलापूरच्या गिरण्यांचा धूर त्यांना सोसत नाही असं मी लग्नातच म्हटलं होतं, पण तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही. इकडे माझा उजवा गुडघा तसाच आहे. डावाही आता त्याच्याकडे बघून शिकतो आहे. तुमची अक्का ठणठणीत आहे. फक्त काही दिवसांपासून ती माझ्याशी सरळ बोलत नाही. जे सांगायचं ते म्हशीला सांगते आणि मी बाजूला उभा राहून ऐकतो.

आमच्या गावच्या शाळेत हैद्राबादेहून मुनीरोद्दीन नावाचे ड्रिल मास्तर आले आहेत हे तुम्हाला माहीत नसेल. माणूस सज्जन आहे, पण येताना एक मोठा रबरी चेंडू घेऊन आला आणि तिथून माझी झोप गेली. खेळाचं नाव बास्केटबॉल. दोन बाजूंना दोन उंच खांब, खांबाला फळी, फळीला लोखंडी कडं. त्या कड्यात चेंडू वरून टाकायचा आणि समोरच्या पाच जणांनी तो टाकू द्यायचा नाही, एवढाच खेळ. कडं आमच्या लोहारानं तेलाच्या पिंपाच्या पट्ट्याचं केलं. त्याखाली जाळी लागते म्हणाले, तर अक्कानं दुधाची भांडी टांगायचं जुनं शिंकं दिलं. तेव्हापासून गाव त्याला शिंक्याचा खेळ म्हणतं आणि मास्तर रोज नाव दुरुस्त करतात. या सगळ्याला माझं खळं घेतलं, कारण चोपून सारवलेली एवढी सपाट जमीन गावात दुसरीकडे नाही. रास उचलून होते न होते तोच खांब रोवले. मधला तिवडा मात्र मी काढू दिला नाही. त्याच्याभोवती बैल फिरून घरात धान्य आलं, त्याला चेंडूसाठी कसा उपटायचा? त्यामुळे आमचे गडी तिवडा चुकवून पळायला शिकले आहेत आणि बाहेरचे गडी त्यावर आपटतात. (मास्तर म्हणतात हे नियमात नाही. नियम छापणाऱ्यानं खळं पाहिलेलं नाही, त्याला मी काय करू?)

गेल्या साली उमरग्याच्या गड्यांनी आम्हाला हरवलं. त्यांनी इतक्या वेळा चेंडू शिंक्यातून काढला की मास्तर शेवटी मोजायचं सोडून टोपी पुसत बसले. भरीला भर म्हणून आमचा आघाडीचा गडी, ज्याला मास्तर फॉरवर्ड म्हणतात तो कुंभाराचा गोरोबा, सोलापूरला गिरणीत लागला. तुम्हाला कुठे भेटला तर माझा नमस्कार सांगू नका. यंदा सामना बसवजयंतीच्या सकाळी उमरग्यात आहे. त्याची बैठक आण्णासाहेबांच्या आडतीवर भरली. सगळे खाली माना घालून बसले होते. मला तशी शांतता सहन होत नाही हे तुम्ही जाणता. मी म्हणालो, गडी मी आणतो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण आण्णासाहेब हसून म्हणाले, "आनशील रं चन्नबसप्पा, पन तो पानी वाटायला का खेळायला?" मग मी म्हणालो, पहिल्या शिट्टीपासून खेळेल, पहिल्या पाचांत. नाही उतरला तर त्या संध्याकाळच्या मिरवणुकीत नंदीध्वजाची दोरी तुम्ही धरा. ही दोरी धरण्याचा मान आमच्या आज्ज्यापासून आमच्या घरात आहे. शब्द तोंडातून गेला आणि आण्णासाहेबांनी लगेच पानाचं तबक पुढे केलं. त्यांना ती दोरी गेली कित्येक वर्षं हवी आहे.

गडी माझ्या डोळ्यांसमोर होता, नाहीतर मी इतका बोललो नसतो. पाडव्यानंतर मी कडबा बघायला माकणीला गेलो होतो. तिथे एका घरामागे कडब्याची गंज रचणं चाललं होतं. एक ताडमाड पोरगा खाली उभा राहून एका हातानं पेंढी उचलायचा आणि वर फेकायचा. पेंढी वरच्या बाईच्या हातात अशी जाऊन बसायची की तिला वाकावंसुद्धा लागत नव्हतं. डावा हात सगळा वेळ छातीवर, गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी हलू नये म्हणून. नाव शांतलिंग. बाप नाही. वरती झेलत होती ती थोरली बहीण, माहेरपणाला आलेली. मी कडबा न बघताच परत आलो.

मग रीतसर मागणी घालायला आम्ही तिघं गेलो. मी, मास्तर आणि आण्णासाहेब. (शब्द मी दिला होता तरी गडी बघायला ते आलेच.) आता वीरभद्रप्पा, तुम्हीच सांगा, एखाद्या घरचा पोरगा आपल्या गावासाठी मागायचा तर हात हलवत कसं जायचं? नारळ घेतला, साखर घेतली, पोराला पटका घेतला. त्याची आई महादेवी, तिनं आम्हाला घोंगडीवर बसवलं. आम्ही पोराला उभं राहायला सांगितलं. मास्तरांनी त्याला दाराच्या चौकटीशी लावून उंची बघितली. आण्णासाहेबांनी तळहात उलटापालटा करून बघितला आणि डोळ्यांनी बरोबर दिसतं का, दम लागतो का, घराण्यात कुणाला काही आजार होता का, हे विचारलं. मी चालून दाखवायला सांगितलं. भाकरी किती खातो हेही विचारलं, कारण तो राहणार माझ्याकडे. आत बायकांची कुजबूज चालली होती, हुग्गीच्या खिरीचा वास येत होता, आणि थोड्या वेळानं जंगम स्वामीही येऊन बसले. मला वाटलं, बघा, माकणीसारख्या गावातही खेळाची केवढी कदर आहे! महादेवीचं अर्धं बोलणं कानडी, अर्धं मराठी. "नम्म हुडगा लई गरीब हाय बघा" म्हणाली, म्हणजे आमचा मुलगा. "तुमच्या घरला कमी पडनार न्हाय. सांभाळून घ्या." मी म्हणालो, आजपासून तो आमचा. स्वामींनी सुपारी फोडली. गल्लीत साखर वाटली. मास्तरांनीही खाल्ली, दोनदा. पोराला महादेवीनं लगेच आमच्याबरोबर धाडलं, म्हणाली, आदी घर बघून येऊ दे.

आता गडी कसा आहे ते निःपक्षपणे लिहितो. त्याच्या नेमाला तोड नाही. मास्तर सगळ्यांना दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू टाकायला शिकवतात. हा एका हातानं टाकतो आणि चेंडू शिंक्यात असा उतरतो जसं कुणी वरून हात घालून ठेवलं. पण टाकला की तो वर बघतच नाही. लगेच खाली वाकतो, पुढची पेंढी उचलायला. पेंढी नसते. चेंडू कधी कड्यावर आपटून परत आला तर बरोबर त्याच्या पाठीत बसतो. शिवाय पळणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. समोर कुणी मिशीवाला आला की बाजूला होऊन वाट देतो. परवा सरावात एकाला धक्का लागला तर सगळा खेळ थांबवून विचारत बसला, "मामा, लागलं का वो?" तो मामा तेवढ्यात चेंडू घेऊन पलीकडे जाऊन आला. मास्तर म्हणतात, "लडका हीरा है चन्नबसप्पाजी, लेकिन शुरू से नक्को. पैले बैठ के देखने दो, बाद में उतारेंगे." आण्णासाहेब अर्थातच मास्तरांच्या बाजूनं, दोरीसाठी. माझं म्हणणं असं की बसलेला माणूस बसायलाच शिकतो. मी चौथीत दोन वर्षं बसलो, बसणं उत्तम आलं, उर्दू आलं नाही. शांतलिंगाला विचारलं तर म्हणतो, "तुमी म्हनाल तसं." त्यानं माझी काळजी वाढते. अंगात खेळाची रग असलेला पोरगा असं बोलत नाही.

असा वाद चालला असताना मागच्या आठवड्यात भर दुपारी खळ्याच्या कडेला माकणीची बैलगाडी येऊन थांबली. महादेवी उतरली, तिचा भाऊ उतरला, स्वामी उतरले, आणि खण-नारळाची पाटी उतरली. खेळ थांबला. महादेवीनं खांबांकडे बघितलं, शिंक्याकडे बघितलं, आपला मुलगा घामानं निथळत तिवड्याजवळ उभा आहे तेही बघितलं, आणि मला विचारलं, "पाव्हनं, नवरी कुटं हाय?"

मी तिथेच खाली बसलो. मग आण्णासाहेब मोठमोठ्यानं हसायला लागले आणि माझ्या डोळ्यांसमोर माकणीची ती दुपार उलटी फिरली. चौकट, तळहात, चालणं, आजार, सुपारी, साखर, आणि माझंच ते "आजपासून तो आमचा". मास्तर कानात विचारत होते की नवरी म्हणजे कोणत्या जागेवर खेळणारी. त्यापुढे थोडं बोलणं झालं आणि पाहुणे हुग्गी खाऊन गेले. ते सविस्तर लिहिण्यासारखं नाही.

तर माझं मत असं की गडी पहिल्या पाचांत बसेल. त्याला वर बघायची सवय लागली पाहिजे आणि मिशीवाल्यांचं भय गेलं पाहिजे, बाकी देवानं दिलं आहे. तुम्ही सोलापुरात राहता, चार खेळ बघता, तुमचं मत काय तेही लिहा. शांताक्कांना आणि प्रेमाला आमचे आशीर्वाद.

तुमचा दाजी,
चन्नबसप्पा

ता. क. वर "थोडं बोलणं झालं" असं लिहिलं आहे ते तुमच्या अक्कानं वाचायला लावलं आणि म्हशीला म्हणाली की ही माणसं निम्मं पत्र लिहितात. म्हणून उरलेलं लिहितो. मी खाली बसलो तो बसूनच राहिलो. अक्का बोलली. डोक्यावरचा पदर सारखा करून खळ्यात आली आणि महादेवीला म्हणाली, "नवरी सोलापूरला हाय. माज्या भावाची लेक. उंच हाय म्हनून तीन ठिकानं मोडली, तवा तुमचा पोरगा बघितला." असं एका दमात, जसं काही आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. मला वाटतं ठरवूनच ठेवलं होतं. शांतलिंग घरी आला त्या दिवशी चौकटीत डोकं आपटून घेतलं, तेव्हा हिनं हळद लावताना तुमच्या प्रेमाचं नाव घेतलेलं मी ऐकलं होतं. मला तेव्हा वाटलं, तिची आठवण आली असेल.

आणखी ता. क. शांतलिंग सध्या मुरुमात नाही. महादेवी त्याला गाडीत घालून माकणीला घेऊन गेली. म्हणाली, सोलापूरचा होकार आला की जावई म्हणून खेळेल, पहिल्या शिट्टीपासून खेळेल, उगाच लोकांच्या खळ्यात नाचणार नाही. म्हणजे मास्तर, आण्णासाहेब आणि मी, आमच्या तिघांच्या वादाला आता काहीच अर्थ राहिलेला नाही. तुम्ही तिघंही बसवजयंतीच्या आधी या. गाडी मी उमरग्यापर्यंत पाठवतो. घर चांगलं आहे, आई तोंडाची कडक आणि मनाची मऊ आहे, जमीन काळी आहे. प्रेमाच्या मनात नसेल तर मात्र स्पष्ट कळवा. दोरीचा विचार करू नका. आण्णासाहेबांनी एक साल धरली म्हणून नंदीध्वज काही पडत नाही. हे मी मनापासून लिहितो आहे. (अक्कानं हे वाचून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवली, म्हशीकडे नाही.)

शेवटची ता. क. गाडी निघाली तेव्हा शांतलिंग माझ्या पाया पडायला खाली उतरला. तो स्वतःहून मनातलं काही बोलत नाही हे वर लिहिलंच आहे. पण वाकल्या वाकल्या मला हळूच म्हणाला, "आप्पा, आमची थोरली अक्का परत सासरी गेल्यापासनं गंजीच्या वरती कुनी न्हाय. सोलापूरच्या त्यांना झेलता येतं का?" मी म्हणालो, विचारून कळवतो.

तेव्हा पत्र मिळताच उत्तर टाका. तार नको, तार बघितली की तुमची अक्का आधी रडते आणि मग वाचून घेते. साधं कार्ड चालेल. बाकीचं ठरायला वेळ लागणार असेल तर लागू द्या, पण प्रेमाला झेलता येतं की नाही, एवढं तरी लवकर कळवा.