ओंजळीनं पिणारा सेनापती

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, तेही माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे. ती आता नववीत आहे. तिला विषय मिळाला होता, ‘कवितेतले सेनापती’. आठवडाभर ती मीरा रोडला शांती नगरच्या आमच्या हॉलमध्ये जमिनीवर कागद पसरून बसलेली असायची. पोवाडे काढ, वीरगीतं काढ, मधेच हिंदीतली एखादी कविता काढ, असं चाललेलं. एका संध्याकाळी वैतागून म्हणाली, "मम्मी, हे सगळे सेम आहेत गं. सगळ्यांची छाती सिंहाची, सगळ्यांची तलवार विजेसारखी. नाव झाकलं तर कोण कुठला ते कळणार पण नाही." मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता मी तिला एक सेनापती सांगितला, ज्याच्या हातात तलवार नाही आणि जो वाकून उभा आहे. तिनं विचारलं, हा कुठल्या पुस्तकातला? मी म्हटलं, पुस्तकातला नाही, आमच्या बाईंच्या स्वयंपाकघरातला. मग ती कागद सोडून ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

आम्ही तेव्हा मुंबईतली छोटी जागा सोडून नुकतेच मीरा रोडला राहायला आलो होतो. आमच्या बिल्डिंगच्या मागे मिठागरं दिसायची आणि रिक्षावाले अर्ध्या रस्त्यात सोडून द्यायचे. शाळा भाईंदरला, मराठी माध्यमाची. तुम्ही उत्तनहून बसनं यायचात, खळ केलेली सुती साडी आणि गळ्यात बारीकशा साखळीत क्रूस. पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारलं होतं की ख्रिश्चन असून तुम्ही मराठी कशा शिकवता. तुम्ही खडूचे हात झटकलेत आणि म्हणालात, "मराठी माझ्या आईची आहे. तुझ्याही आईची असेल तर आपलं जमेल." आणि लगेच व्याकरण सुरू केलंत. मी त्या दिवसापासून तुमची झाले, पण ते तुम्हाला कळू दिलं नाही, कारण तुम्हाला लाडीगोडी खपायची नाही.

त्या वर्षी गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त जनरल येणार होते. कुणा विश्वस्तांच्या ओळखीतले. मुख्याध्यापकांनी तुम्हाला सांगितलं, एक दणदणीत पोवाडा बसवा, खाडीपलीकडचा किल्ला घेणाऱ्या सेनापतीचा, म्हणजे आपल्याच भागातला होईल. माझा आवाज मोठा म्हणून तुम्ही मला निवडलंत, आणि मी जरा शहाणी म्हणून म्हटलं, पोवाडा मीच लिहिते. लिहिला. त्यात सेनापती वादळासारखा यायचा, फिरंगी मुळ्यासारखे कापले जायचे आणि किनाऱ्यावरची गावं दिवाळीसारखी पेटायची. मला त्या दिवाळीच्या ओळीचा फार अभिमान होता. तुम्ही स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून तो वाचलात, कागदाची घडी घातलीत आणि एवढंच म्हणालात की चाल चांगली जमलीय. मग जाता जाता म्हणालात, रविवारी वडिलांना घेऊन आमच्याकडे ये.

बाबांना उत्तन म्हणजे ताजी मासळी एवढंच ठाऊक, त्यामुळे ते खुशीत होते. बस थांबते तिथून तुमच्या घरापर्यंत दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले आहेत, वाऱ्याबरोबर त्यांचा वास येतोय, आणि तुम्ही दारात उभ्या आहात. शाळेतल्या बाई वेगळ्या आणि या वेगळ्या. पदर खोचलेला, हाताला तांदळाचं पीठ. तुमची आई चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होती. तुम्ही मला म्हणालात, आईला तुझा पोवाडा म्हणून दाखव. मी उभी राहून, हातवारे करून म्हटला. म्हातारी थापता थापता ऐकत होती. गावं पेटली तिथे तिचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला तेव्हा कुठे उमगलं की ती गावं म्हणजे हीच. मी ज्या फरशीवर उभी होते तीच. शेवटचं जी जी संपलं तेव्हा माझा आवाज अगदी खाली आला होता.

तुमची आई रागावली नाही. तिनं भाकरी उलटली आणि मला विचारलं, "तुजा सेनापती जेवला का न्हाय?"

मी म्हटलं, पोवाड्यात तसं काही नसतं.

"मंग पानी तरी प्यायला असल," ती म्हणाली, आणि गायला लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाणी आणायला जातात तेव्हाचं गाणं, असं तुम्ही मला नंतर समजावलंत. तिच्या गाण्यात सेनापतीला नाव नव्हतं. तो नुसता पागोटंवाला. लढाई संपलीय, तो एकटाच विहिरीवर येतो आणि पाणी मागतो. बायका म्हणतात, पाणी देऊ, पण आधी हातातलं ते काठावर ठेव. तो तलवार ठेवतो, ओंजळ करतो, पितो आणि जातो. संपलं गाणं. तो कुठल्या बाजूचा होता, बायकांचे नवरे कुठे होते, काही नाही. मी विचारलं, मग तो जिंकला की हरला? तुमची आई म्हणाली, "त्याला तान लागली होती." मग आम्ही जेवलो. बाबांनी बोंबलाची चटणी पुन्हा पुन्हा मागून घेतली आणि तुम्ही हसत वाढत राहिलात.

दिवाळीची ओळ काढ असं तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. मी घरी येऊन आपण होऊन ती खोडली आणि शेवटी विहिरीचं एक कडवं घातलं. तुम्ही त्यातला एकच शब्द बदललात. मी ‘थांबून’ लिहिलं होतं, तुम्ही ‘वाकून’ केलंत.

तलवार ठेवली विहिरीवर, ओंजळ धरली वाकून जी,
बाईनं ओतलं पाणी त्याला, नाव-गाव ना पुसून जी.

सगळा घोळ त्याच शब्दावरून झाला. तालमीला मुख्याध्यापक येऊन बसले, मांडीवर ताल धरून ऐकत होते, आणि या कडव्याला त्यांचा हात थांबला. सेनापती वाकतो कसा, त्यांनी विचारलं. समोर जनरलसाहेब बसणार, त्यांच्यापुढे आपला सेनापती बाईमाणसासमोर वाकलेला दाखवायचा? ‘ताठून’ करा किंवा कडवंच काढा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, ओंजळीनं पाणी प्यायचं तर वाकावंच लागतं. ताठ राहून प्यायलं तर अंगावर सांडतं." आम्ही मुली हसलो आणि तेच वाईट झालं. सर उठून गेले. दारातून जाताना दुसऱ्या एका शिक्षकांना म्हणाले, बाईंना आपल्या लोकांचा पुळका येणारच. हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं, पण तुम्हाला ऐकू गेलं, कारण तुम्ही पेटीचा भाता लावायला वाकलात आणि बराच वेळ वर पाहिलंच नाहीत.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी कडवं गाळायचा निरोप आला. तुम्ही मला जिन्याखाली बोलावलंत. मला वाटलं, आता समजूत घालणार. तुम्ही माझी वेणी नीट केलीत, रिबीन सोडून पुन्हा बांधलीत, आणि मागूनच म्हणालात, "कडवं म्हणायचं. कुणी विचारलं तर बाईंनी सांगितलं म्हणून सांग. तुझ्या अंगावर काही घ्यायचं नाही."

मी म्हटलं. मंडपात खुर्च्यांचा आवाज, पाठीमागे लहान मुलांची रडारड, आणि पहिल्या रांगेत जनरलसाहेब. उंच, पांढऱ्या मिशांचे, साध्या कोटातले. त्या कडव्याला मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. माझं संपल्यावर टाळ्या झाल्या आणि मी पळायच्या बेतात होते, तर जनरलसाहेबांनी हात वर केला. शेवटचं पुन्हा म्हणशील का, असं त्यांनी विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मग ते भाषणाला उभे राहिले. म्हणाले, "आमच्यावरच्या कवितांमध्ये आम्ही नेहमी घोड्यावर असतो. मी जन्मात घोड्यावर बसलो नाही. मी लढाईनंतर टेबलाशी बसून माझ्या पोरांच्या घरी पत्रं लिहायचो, तुमचा मुलगा परत येणार नाही म्हणून. ते मात्र कुणी कवितेत घालत नाही. या मुलीचा सेनापती मला ओळखीचा वाटला." एवढं बोलून ते खाली बसले. मुख्याध्यापक सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मी विंगेत पाहिलं. तुम्ही पुढच्या नाचाच्या मुलींना पदर खोचून देत होतात.

माझ्या मुलीनं इथवर ऐकलं आणि विचारलं, "मग त्या टीचरना काय नाही ना केलं कुणी?" मी म्हटलं, छे, जनरलनंच कौतुक केल्यावर काय करणार. पण म्हणताना लक्षात आलं की मला माहीतच नाही. मी दहावीनंतर कॉलेजला गेले, मग बरीच वर्षं नोकरी नाशिकला. तुम्ही आजारी पडल्याचं आणि गेल्याचं मला एकदमच कळलं, कुणीतरी बाजारात भेटल्यावर सांगावं तसं. म्हणून गेल्या रविवारी मी तिला घेऊन उत्तनला गेले. बोंबील अजून वाळतात. तुमच्या घराला आता वर मजला आहे आणि तुमची धाकटी बहीण खाली राहते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "पोवाड्यावाली ना?" मग चहा ठेवून तिनं सांगितलं की पुढच्या वर्षी तुम्हाला वरचे वर्ग दिले नाहीत. पाचवीवर टाकलं, रिटायर होईपर्यंत पाचवीच. गॅदरिंगला तर परत कधी विचारलंच नाही.

बाई, मी दहावीत असताना रोज तुम्हाला पाचवीच्या वर्गात पाहायचे. मी एकदा विचारलं पण होतं. तुम्ही म्हणालात, लहान मुलांची जोडाक्षरं कच्ची राहतात, म्हणून मीच मागून घेतलं. मी ते खरं मानलं. बहिणीला म्हटलं, त्यांनी मला कधी सांगितलं नाही हो. ती म्हणाली, "तुला कशाला सांगल ती? तू मग पुढं कदी असं कडवं म्हटलं नसतं." आणि हसायला लागली. गॅदरिंगच्या त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन मासे तळता तळता आईचं ते गाणं म्हणत होतात आणि म्हातारी तुमची चाल सुधारत होती, हेही तिनंच सांगितलं. मग माझ्या मुलीनं हट्ट केला म्हणून तिनं ते गाणं म्हटलं. मधेच विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लग्नात आता डीजे असतो, हे कोण गातंय, असं म्हणत पूर्ण केलं. मुलीनं मोबाइलवर घेतलंय. प्रोजेक्टमध्ये तिनं पागोटंवाल्याला वेगळं पान दिलंय.

तिथून आम्ही चर्चच्या मागे गेलो. तुमच्या नावावरची धूळ मुलीनं ओढणीनं पुसली. परत येताना बसमध्ये ती खांद्यावर झोपली आणि मी तुमच्यावर कविता करायला घेतली. पण दोन ओळींतच तुमची छाती सिंहाची व्हायला लागली, म्हणून सोडून दिली. तुम्हाला ते चाललं नसतं. मग हे पत्र.

हे कुठे टाकायचं नाही, कपाटात राहील. एक मात्र सांगते. त्या दिवशी मंचावर मला जनरलसाहेबांची भीती वाटली नव्हती, सरांचीही नाही. तुमची वाटत होती, की एखादा शब्द चुकला तर. अजून वाटते. कुणी वाचणार नाही हे माहीत असून मी मघाशी शुद्धलेखनाचं पुस्तक काढून ‘ओंजळ’ हा शब्द बघून घेतला.