खंडेनवमीची हळद

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सर्पगंधेच्या बाटल्या बघायचा दिवस आला की मी घरातून उशिराच निघते. डोळ्यांसमोर येते ती ऐंशीच्या दशकातली खंडेनवमी. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात जुन्या स्टोअररूमला चुना मारून तुम्ही आपली टिश्यू कल्चरची खोली केली होतीत. सुरगाण्याकडच्या डोंगरातली सर्पगंधा लोकांनी मुळांसाठी खणून संपवली होती. आपले शिपाईमामा तिकडचेच. त्यांनी आणलेल्या शेवटच्या रोपाचे बारीक तुकडे आपण काचेच्या बाटल्यांत वाढवत होतो. आत बोलायचं नाही, हा तुमचा दंडक. श्वासातूनही बुरशी जाते म्हणायचात. मी तर खोकला आला की बाहेर पळायचे.

त्या सकाळी आपण दार उघडतो, तर मामांनी पूजा मांडलेली. सगळीकडे झेंडू, आणि प्रत्येक बाटलीच्या कापसाच्या बोळ्यावर ओल्या हळदकुंकवाचं बोट! ओल्या कापसातून बुरशी सरळ आत उतरते. मामा मात्र हसत उभे. "वरीसभर राबतात बिचाऱ्या. आज त्यांचा मान नाय ठेवायचा का?" आता तुमच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी भिंतीला चिकटले. तुम्ही प्रसादाचं खोबरं कपाळाला लावलंत, "छान केलंत मामा," म्हणालात, आणि ते गेल्यावर मटकन स्टुलावर बसलात.

बोळे बदलले, पण पुढचे दिवस, अहो, जीव नुसता टांगणीला. एका बाटलीत पांढरी लव दिसली, मग शेजारचीत. शेवटी शेवटी तुम्ही दाराबाहेरच थांबायला लागलात. "तू बघून ये गं. माझा धीर होत नाही." तुम्ही! ज्यांच्यापुढे प्राचार्यसुद्धा चाचरायचे! खरी भीती मला तेव्हा वाटली. एकच बाटली वाचली. ती मी दाराबाहेर आणून तुम्हाला दाखवली.

आज इथल्या सगळ्या बाटल्या त्या एकीच्याच लेकी. त्या डोंगरावर आता रोप उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात एसी बंद पडला आणि आज सकाळी दोन बाटल्यांत लव दिसलीय. माझ्या हाताखालच्या मुली आत एकेक बाटली दिव्यासमोर धरून बघतायत. मी बाहेर बाकावर. अजून कुणी बाहेर आलेलं नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? खरं सांगू, बाई? तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसले नाही. आत जायला लागू नये म्हणून बसलेय.